दाणाबाजारातली फॉक्सप्रो

मार्च संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. जळगावचा दाणाबाजार असो, धरणगावकडची एखादी जिनिंग असो, की सावद्याचा केळीचा व्यापारी असो. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकीचा ताळा, जुळलेली असते, चहा येतो आणि शेठ विचारतात, "भाऊ, हा प्रोग्राम आता नव्या कशावर तरी न्यायचा का?" बहुतेक वेळा पुण्यात आयटीत असलेला मुलगा किंवा पुतण्या सुट्टीवर येऊन गेलेला असतो. दुकानातला स्क्रीन पाहून त्याने सांगितलेलं असतं की ही भाषा कधीच संपली.

ती भाषा म्हणजे फॉक्सप्रो, माहितीच्या फाइलींवर चालणारे हिशोबाचे प्रोग्राम लिहायची जुनी संगणक-भाषा. पोरगं खोटं सांगत नाही. मायक्रोसॉफ्टने तिच्या विंडोजवरच्या रूपाची, व्हिज्युअल फॉक्सप्रोची, शेवटची, म्हणजे नववी आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली. मार्च २००७ मध्ये दहावी येणार नाही असं जाहीर केलं. वाढीव सपोर्टही १३ जानेवारी २०१५ ला संपला. आणि तरी खान्देशात आजही कितीतरी अडतींमध्ये, दाळ मिलमध्ये, पतसंस्थांमध्ये सकाळी कुलूप निघालं की फॉक्सप्रोचाच प्रोग्राम उघडतो. त्यातले काही मी लिहिलेले आहेत, काही दुसऱ्यांनी लिहिलेले मी सांभाळतो. ही भाषा मी नव्वदच्या दशकात जळगावातल्या एका क्लासमध्ये शिकलो आणि तिच्यावर संसार केला. त्यामुळे शेठच्या प्रश्नाला चहा संपेपर्यंत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. ते इथे सविस्तर लिहितो.

मत आधीच सांगून टाकतो. जुन्या भाषेने नव्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे प्रोग्राम ज्यावर चालतो त्या नव्या पायावर, जावं, असं मला मनापासून वाटतं. पण जुन्या ओळींचा अर्थ तिकडे गेल्यावरही तोच राहणार असेल तर. अर्थ बदलणार असेल, तर आपण नवी भाषा विकत घेत आहोत हे सगळ्यांनी उघड मान्य करावं, आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरवावं.

फॉक्सप्रो आमच्या बाजाराला इतकी मानवली याला कारण आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी व्हल्कन नावाचा प्रोग्राम लिहिला. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो पुढे डीबेस टू म्हणून विकला. त्याच घराण्यात नॅन्टकेट कंपनीची क्लिपर आली, ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरची फॉक्सबेस आली आणि तिच्यातून फॉक्सप्रो. या घराण्यात माहितीची फाइल आणि भाषा यांच्यामध्ये भिंत नाही. इतर भाषांत डेटाबेस बाहेर कुठेतरी असतो, त्याच्याकडे अर्ज करायचा, तो देईल ते घ्यायचं, मग ते आपल्या भाषेच्या साच्यात ओतायचं. इथे 'युज' म्हटलं की फाइल उघडली, 'सीक' म्हटलं की खातं सापडलं, 'रिप्लेस' म्हटलं की बाकी बदलली. मुनीमजी खतावणी उघडतात, पान काढतात, नोंद करतात, तोच क्रम. म्हणून कॉमर्स झालेली, इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंडही न पाहिलेली आमच्याकडची मुलं या भाषेत चांगले प्रोग्राम लिहू शकली. रात्री जिनिंगवर बसून, मालकासमोर, त्याच्या तोंडून हिशोबाची पद्धत ऐकत ऐकत ओळी लिहिल्या गेल्या. १९९१ मध्ये फॉक्सप्रो २.० बरोबर रशमोर हे तंत्र आलं. इंडेक्सचा, म्हणजे फाइलसोबत ठेवलेल्या सूचीचा, वापर करून ते हजारो नोंदींतून हवी ती यादी त्या काळच्या चार एमबी मेमरीच्या मशीनवरही झटक्यात काढून द्यायचं. भारनियमनाच्या दिवसांत, लाइट किती वेळ राहील याचा भरवसा नसताना, हा वेग म्हणजे मोठीच सोय होती.

आणखी एक गोष्ट पुतण्यांना माहीत नसते. ही भाषा आधीही प्लॅटफॉर्म बदलून आलेली आहे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतली. मग विंडोजच्या आधीच्या डॉसवरची फॉक्सप्रो विंडोजवर आली, मॅक आणि युनिक्सवरही गेली. १९९५ ला व्हिज्युअल फॉक्सप्रो आली तेव्हा तर भाषेत ऑब्जेक्टची पूर्ण नवी रचना शिरली. तरीसुद्धा जुन्या ओळी चालत राहिल्या. डॉसवर लिहिलेला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या मालाची जी पावती देतात तिचा, हिशोब मी विंडोजवर आणला तेव्हा स्क्रीन नवे केले, प्रिंटरच्या ओळी बदलल्या, पण हिशोबाच्या भागाला हात लावायची गरज पडली नाही. खालचं मशीन बदललं, वरची विंडोज बदलली, शब्दांचा अर्थ बदलला नाही. प्लॅटफॉर्म बदलणं असंही असू शकतं, हे त्या काळात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

मग डॉटनेट आलं, मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम चालवायचा नवा पाया. १९९८ च्या व्हिज्युअल स्टुडिओ ६ या प्रोग्राम लिहायच्या साधनांच्या संचात फॉक्सप्रो होती. पुढचा संच डॉटनेटचा, त्यात ती नव्हती. सातवी आवृत्ती वेगळी विकली गेली. तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं. शेजारच्या घरात काय झालं ते पाहिल्यावर मात्र माझं मत थोडं बदललं.

शेजारचं घर म्हणजे व्हिज्युअल बेसिक. १९९१ मध्ये आलेली, जगभर पसरलेली भाषा. तिला २००२ मध्ये डॉटनेटवर नेलं. नाव तेच ठेवलं, पण आत पुष्कळ काही वेगळं झालं. इन्टिजरची, म्हणजे पूर्णांकाची, लांबी बदलली, कुठलीही किंमत सामावणारा व्हेरियंट गेला, गोसब ही आज्ञा गेली, एकाच नावाच्या बटणांची रांग करायची सोय गेली. आधीचे प्रोग्राम जसेच्या तसे चालेनात. भाषांतर करून देणारं साधन सोबत दिलं होतं, पण त्यातून निघालेल्या प्रोग्रामवर बरीच मेहनत घ्यावी लागायची. २००५ मध्ये त्या भाषेच्या नावाजलेल्या जाणकारांनी जुनी भाषा चालू ठेवा म्हणून मायक्रोसॉफ्टला जाहीर विनंती केली. ती मान्य झाली नाही. एप्रिल २००८ मध्ये जुन्या व्हीबी ६ च्या संचाचा सपोर्ट संपला, आणि मार्च २०२० मध्ये नव्या व्हिज्युअल बेसिकमध्येही भाषा म्हणून पुढे भर घालणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. ज्यांना नव्याने शिकायचंच होतं त्यांनी डॉटनेटची दुसरी भाषा, सी शार्प, शिकली. ज्यांना शिकायचं नव्हतं ते सहाव्या आवृत्तीवरच राहिले, आणि त्यांचे प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात, कारण ते चालवणारा जुना भाग, रनटाइम, विंडोजमध्ये ठेवलेला आहे. मधल्या घरात राहायला फार थोडे लोक आले.

मला यातून स्पष्ट दिसतं ते असं की त्या भाषेला प्लॅटफॉर्मने मारलं नाही. अर्थ बदलून नाव तेच ठेवल्यामुळे तिची माणसं तुटली. पर्ल नावाच्या भाषेच्या लोकांनी हे उशिरा का होईना, सरळ केलं. २००० मध्ये जाहीर झालेली पर्ल ६ पंधरा वर्षांनी, २०१५ च्या डिसेंबरमध्ये हातात आली, आणि ती खरोखर दुसरीच भाषा आहे हे मान्य करून २०१९ मध्ये तिचं नाव राकू ठेवलं. जुनी पर्ल आपल्या जागी सुखाने चालू आहे. पायथनने वेगळी वाट धरली. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आणली, जुन्या ओळी मोडल्या, पण दुसरीला १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळलं. अकरा वर्षं दोन्ही चुली पेटत्या ठेवायला जे मनुष्यबळ लागतं ते पायथनकडे होतं. खान्देशातल्या अडतीसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांकडे ते कुठून येणार?

आता हा अर्थ बदलणं म्हणजे नक्की काय, हे दुकानात बसून सांगतो, कारण पुतण्यांशी माझा खरा वाद इथे असतो. त्यांना वाटतं, हिशोब म्हणजे बेरीज-वजाबाकी, ती कुठल्याही भाषेत तीच.

हमालीची रक्कम ४१२ रुपये ५० पैसे आली आणि पूर्ण रुपयात करायची आहे. फॉक्सप्रोचं राउंड ४१३ देतं. डॉटनेटचं राउंड, त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर, ४१२ देतं. तिकडे बरोबर मध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतात. ४१३ रुपये ५० पैसे असतील तर मात्र दोन्हीकडे ४१४ च येतात. म्हणजे फरक पडतो, पण प्रत्येक वेळी पडत नाही. चाचणीच्या दहा पट्ट्यांत तो दिसेलच असं नाही. हंगामाच्या शेवटी हमालांच्या टोळीचा मुकादम आपली वही घेऊन येतो तेव्हा दिसतो, आणि मुकादमाची वही चुकत नाही.

दुसरं नाव शोधण्याचं. फॉक्सप्रोत दोन शब्द बरोबरीच्या चिन्हाने ताडले, तर मूळ ठेवणीत ती उजवीकडच्या शब्दाच्या लांबीइतकंच पाहते. म्हणजे 'पाटील' बरोबर 'पा' हे तिला मान्य आहे. आमच्याकडे एका गावात पाटील आणि चौधरी किती असतात ते सांगायला नको. मुनीमजी दोन-तीन अक्षरं दाबतात आणि यादी समोर येते, ती या एका सवयीमुळे. दुसऱ्या बहुतेक भाषांत ही बरोबरी सरळ नाकारली जाते. ओळ तशीच दिसते, चालतेही, पण यादी रिकामी येते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फॉक्सप्रोत तारीख रिकामी असू शकते. कर्जाच्या फाइलमध्ये 'बंद झाल्याची तारीख' रिकामी आहे याचा अर्थ कर्ज चालू आहे. हा अर्थ कुठे लिहून ठेवलेला नसतो, तो त्या रिकामेपणातच असतो. डॉटनेटच्या तारखेला रिकामं राहता येत नाही, तिची किमान तारीख सन १ मधली १ जानेवारी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला रिकामा मजकूर तारीख म्हणून दिला तर तो १ जानेवारी १९०० लिहून मोकळा होतो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेने बाहेरून नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि जुना डेटा त्यात भरून घेतला. थकबाकीची यादी काढली तर ती कोरी. सगळी कर्जं १९०० साली बंद झालेली. मला बोलावलं तेव्हा मॅनेजर साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. समोर बाकावर ठेवीदार बसलेले होते. डेटा शाबूत होता, जुना प्रोग्रामही होता, म्हणून निभावलं. पण त्या बाकावरच्या माणसांना दोन दिवस काय वाटलं असेल?

हे तीन नमुने सांगितले. असे पुष्कळ आहेत, आणि ते भाषेतले झाले. प्रोग्रामच्या पोटात याहून जास्त काही साठलेलं असतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्यांची जुनी खाती जुन्या जिल्ह्याखालीच दिसावीत आणि नवी नव्या, यासाठी टाकलेली एक अट. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला त्याची फांदी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तिची फांदी. मग त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर कर खरेदीदारानेच भरायचा, रिव्हर्स चार्जने, त्याची पोटफांदी. रुईचा भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. गठाण १७० किलोची. कापसाची खरेदी क्विंटलमध्ये. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुईचा उतारा धरून रोजचा अंदाज. हे सगळं एका प्रोग्राममध्ये तीस वर्षांत थराथराने बसलेलं असतं आणि त्याचा दुसरा लेखी दस्तऐवज कुठेच नसतो. ज्यांनी सांगितलं त्यांतले कित्येक शेठ आज नाहीत. सगळं नव्याने लिहा, असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मी विचारतो, कशावरून लिहिणार?

एवढं सांगूनही मी जावं म्हणतो, याची कारणं तितकीच ठोस आहेत. डॉसवरचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकून ते चालवावे लागतात आणि मग प्रिंटरशी झगडा सुरू होतो. व्हिज्युअल फॉक्सप्रो ३२ बिटची आहे, ती आजच्या विंडोजवर चालते, पण ६४ बिटची अधिकृत आवृत्ती निघालीच नाही. फॉक्सप्रोची माहिती ज्यात असते ती एक डीबीएफ फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. मोठ्या पतसंस्थेच्या व्यवहारांच्या फाइलला ही भिंत दिसू लागते, मग वर्षावर्षाच्या फाइल तोडाव्या लागतात. भुईकाट्याचं वजन सीरियल पोर्टमधून थेट प्रोग्राममध्ये घ्यायला जो ३२ बिटचा जोडभाग वापरतो तो ६४ बिटच्या प्रोग्राममध्ये बसत नाही. लाइट गेली की नेटवर्कवरच्या फाइलचा इंडेक्स बिघडतो तो प्रकार तर नित्याचा. बॅटरी बॅकअप आल्यापासून कमी झाला, थांबला नाही.

आणि माणसं. जळगाव-भुसावळच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पायथन येते, जावा येते. फॉक्सप्रो शिकायला कोणी का यावं? एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावं लागलं, कारण बेकारीच्या अर्जांचा लोंढा आला आणि सरकारी प्रणाली त्या जुन्या भाषेत होती. कोबोल १९५९ ची. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत तिचं नशीब थोर, कारण आयबीएमने १९६४ च्या सिस्टिम ३६० पासून जुने प्रोग्राम पुढच्या मशीनवर चालत राहतील हे पाहिलं. भाषेच्या पायाखालची जमीन कोणी काढून घेतली नाही. तरी ओळी वाचणारी माणसं कमी पडली. म्हणून मला वाटतं की प्लॅटफॉर्म बदलून अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा सुटायचा तर जुन्या ओळी आणि नव्या मुलांच्या ओळी एकाच प्रोग्राममध्ये शेजारी राहू शकल्या पाहिजेत.

डॉटनेटकडे मी आज वळून पाहतो तो यासाठी. एक्सशार्प नावाची मुक्तस्रोत भाषा आहे, क्लिपर आणि फॉक्सप्रोच्या घराण्याचं व्याकरण ती डॉटनेटवर चालवते. डीबीएफ फाइल तीच राहते. चालू असताना मजकुरातून ओळ तयार करून ती चालवायची जी फॉक्सप्रोची मॅक्रोची सोय, तिच्यासाठीही तिच्यात व्यवस्था आहे, आणि ही सोय नसती तर आमचे अर्धे रिपोर्ट उभेच राहिले नसते. फॉर्म मात्र जसेच्या तसे येत नाहीत, त्यांच्यावर हात फिरवावा लागतो. पण हिशोबाचा भाग जुन्या भाषेत ठेवून, मोबाइलवर पट्टी पाठवायचा भाग एखाद्या तरुण पोराने सी शार्पमध्ये लिहिला तर दोघं एकमेकांना हाक मारू शकतात. क्लिपरच्या लोकांसाठी १९९९ पासून हार्बर आहे. तीही मुक्त आहे, तीच भाषा ती विंडोजवर, लिनक्सवर, ६४ बिटमध्ये कंपाइल करून देते. ज्या कंपन्यांनी या भाषा विकल्या त्यांनी हे केलं नाही. ज्यांचे प्रोग्राम अडकले होते त्यांनी एकत्र येऊन केलं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

पुतणे लोक वादात अमळनेरचा दाखला देतात. तो आमच्याकडे कोणीही देतो. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली, तीच आजची विप्रो. "तेलातून कॉम्प्युटरमध्ये गेले म्हणून मोठे झाले, जुनं धरून बसले असते तर?" दाखला बरोबर आहे, पण अर्धाच सांगतात. ऐंशीच्या दशकात कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली म्हणून अमळनेरचा कारखाना बंद केला नाही. तो चालू राहिला. जुन्याची कमाई येत होती म्हणून नव्याला वेळ देता आला. मी शेठना हेच सांगतो: नवं सुरू करू, जुनं चालू ठेवून.

स्क्रीनपुढे बसणाऱ्यांचं म्हणणं वेगळंच असतं, आणि ते कोणी विचारत नाही. शिरपूरकडच्या एका अडतीत बरीच वर्षं पट्ट्या करणारे नाना आहेत. कीबोर्डकडे न पाहता, शेतकऱ्याशी बोलत बोलत पट्टी पुरी करतात. त्यांना नवा स्क्रीन दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मन्हा हात किबोर्डवरच चालतस भो, माले माऊस नको." कंट्रोल-डब्ल्यूने नोंद जतन, एस्केपने रद्द, हे त्यांच्या बोटांत बसलेलं आहे. बाहेर ट्रॅक्टरची रांग असते, प्रत्येक पट्टीला दहा सेकंद जास्त लागले तरी शेवटच्या शेतकऱ्याला गावी पोचायला रात्र होते. म्हणून नव्या फॉर्मवर मी सगळ्या कळा जुन्याच ठेवल्या. त्यासाठी जास्तीचं काम करावं लागलं, ते मला योग्यच वाटतं.

आता ज्या कारणासाठी मी स्वतः जाण्याच्या बाजूला पुरता झुकलो ते सांगतो. वर दिलेल्या सगळ्या तांत्रिक कारणांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

पट्टीवर शेतकऱ्याचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलं जातं. डॉसच्या काळात असं नव्हतं. सीडॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की देवनागरी थेट फॉक्सप्रोच्या स्क्रीनवर दिसायची. त्यामागे इस्की ही अक्षरं साठवायची पद्धत होती, १९९१ मध्ये भारतीय मानक झालेली, एका अक्षरचिन्हाला एक बाइट. 'बहिणाबाई' लिहायला आठ बाइट पुरायचे. पुढे विंडोज आली, ते कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसायचं ते स्लॉट मशीनमधून गेले, आणि दुकानं एकेक करून इंग्रजी अक्षरांवर गेली. काहींनी मराठी फॉन्टवर निभावलं. पण त्यात वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, फॉन्ट बदलला की नावाचा चुराडा. खरी देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच सांकेतिक पद्धतीत, आली, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोला युनिकोड येत नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी युनिकोडशिवाय दुसरी वाट ठेवलेली नाही. म्हणजे ज्या भाषेत आमचा सगळा बाजार चालतो, तिच्यात आमच्याच शेतकऱ्याचं नाव नीट लिहिता येत नाही.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे. त्याच पंचक्रोशीतली आजची बाई, जिच्या नावावर शेत आहे आणि जी शाळेत जाऊन मराठी वाचायला शिकली, तिच्या हातात आम्ही तिला न वाचता येणारी पट्टी देतो. किती क्विंटल, काय भाव, हमाली किती कापली, तोलाई किती, हे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. डॉटनेटवर मजकूर मुळातच युनिकोड असतो. जुन्या ओळी अर्थ न बदलता तिकडे गेल्या, तर ही पट्टी मराठीत निघू शकते. फाइलमध्ये मात्र तयारी करावी लागते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, 'बहिणाबाई'ला चोवीस, आणि नावाचा रकाना तीसचा ठेवलेला असेल तर आडनाव कापलं जाणार. रकाने रुंद करायचे, इंग्रजीतली नावं एकेक करून मराठीत आणायची, आणि ती ज्याची त्याला विचारून, कारण इंग्रजीतल्या एकाच स्पेलिंगमागे मराठीत दोन नावं असू शकतात.

सध्या एका जिनिंगचं काम हातात आहे. डीबीएफ फाइल जागच्या हलवल्या नाहीत. आधी फक्त रिपोर्ट नव्या बाजूला नेले, ते दोन्हीकडून काढून शेजारी ठेवले. मग गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या दोन्ही प्रोग्राममधून पुन्हा काढल्या आणि एक रुपयाचाही फरक राहणार नाही तोवर राउंडचं आणि तारखांचं काम करत राहिलो. भुईकाट्याचा भाग सगळ्यात शेवटी ठेवला आहे. दसऱ्याच्या सुमाराला नवा कापूस येऊ लागतो, तेव्हा काट्याला हात लावायचा नाही, हे मालकाने न सांगताच ठरलेलं आहे. मार्चची तेरीज दोन्हीकडे जुळली की मग जुना प्रोग्राम बंद करायचं बोलू. पावसाळ्यात काम कमी असतं, त्या महिन्यांत मालकाची सून आणि मी खातेदारांची नावं मराठीत भरतो आहोत. तिने गावोगावच्या याद्या केल्या आहेत, शेतकरी बियाण्याच्या चौकशीला आला की त्याला थांबवून नाव विचारते. एरंडोल तालुक्याची यादी पुरी झाली, आता पारोळ्याची घेतली आहे.